गोदाकाठचं लोखंड, रोमची तलवार

इंग्लंडात उन्हाळा लागला की जुन्या रोमन किल्ल्यांच्या गवतावर पलटण उभी राहते. अंगात पोलादी पट्ट्यांचं चिलखत, पायांत खिळे ठोकलेल्या चामडी चपला, डाव्या हातात गुडघ्यापासून खांद्यापर्यंत येणारी ढाल आणि उजव्या कमरेला आखूड दुधारी तलवार. ही माणसं एरवी शाळेत शिकवतात, नळाची कामं करतात, कचेरीत बसतात. सुट्टी मिळाली की दोन हजार वर्षांपूर्वीच्या सैनिकाचा दिवस ती जगून बघतात. त्याच्यासारखं चालतात, जात्यावर दळतात, त्याच्या हत्याराचा तोल हातात घेऊन पाहतात. जर्मनीत, ऑस्ट्रियात, अमेरिकेत अशी मंडळं आहेत. खुद्द रोममध्ये २१ एप्रिलच्या सुमारास, त्या शहराच्या परंपरेने मानलेल्या स्थापनादिनानिमित्त, अशा मंडळांची मोठी मिरवणूक निघते.

यांतल्या पुष्कळांच्या कमरेची तलवार भारतात घडलेली असते.

डेहराडूनची ‘विंडलास स्टीलक्राफ्ट्स’ ही कंपनी १९४३ साली सुरू झाली ती गुरखा पलटणींना कुकऱ्या पुरवण्यासाठी. पुढे तिथल्या कारागिरांनी संग्रहालयांतल्या तलवारींच्या, शिरस्त्राणांच्या प्रतिकृती घडवायला घेतल्या आणि त्यांना युरोप-अमेरिकेत गिऱ्हाईक मिळालं. ‘दीपीका’ या भारतीय कंपनीचं नावही रोमन चिलखत वापरणाऱ्या छांदिष्टांना चांगलं ठाऊक आहे. ज्याला संग्रहालयातल्या मूळ वस्तूला हात लावता येत नाही, त्याला उत्तर भारतातल्या कारागिराच्या हातची तलवार परवडते आणि ती तो मनसोक्त वापरू शकतो.

परभणीत बसून हे सगळं कशाला लिहायचं? कारण लोखंडाची ही वाट फार जुनी आहे आणि ती आपल्या दारावरून गेलेली आहे. आणि इतिहासावर आपलं प्रेम असूनही, हत्यार हातात घेऊन इतिहास तपासायचा हा मार्ग आपण अजून धरलेला नाही.

आधी ती तलवार नीट पाहू. रोमन पायदळाची तलवार म्हणजे ग्लॅडियस. तिचे मुख्य प्रकार जिथे नमुने सापडले त्या गावांच्या नावांनी ओळखले जातात. जर्मनीतल्या माइन्झ शहराचा प्रकार रुंद, कमरेत किंचित निमुळता आणि लांब टोकाचा. ‘टायबेरियसची तलवार’ म्हणून ओळखला जाणारा त्याचा नमुना १८४८ साली तिथे मिळाला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसरा पॉम्पेईचा. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई, हर्क्युलेनियम ही गावं राखेखाली गेली. हर्क्युलेनियमच्या किनाऱ्यावर १९८२ साली एका सैनिकाचा सांगाडा मिळाला, त्याच्यासोबत त्याची तलवारही होती. या प्रकाराच्या पात्याच्या दोन्ही धारा समांतर, टोक आखूड त्रिकोणी, लांबी साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर, रुंदी पाच सेंटिमीटरच्या आसपास. मूठ लाकडाची किंवा हाडाची आणि तिच्यावर चार बोटांसाठी चार खाचा. वजन किलोभराच्या आतबाहेर.

लांबी इतकी कमी का, ते ढाल हातात घेतल्यावर कळतं. खांद्याला खांदा लावून रांग उभी आहे, प्रत्येकासमोर भली मोठी ढाल आहे. तिथे लांब पातं फिरवायला जागाच नसते. ढालीच्या कडेने पुढे खुपसायचं आणि मागे घ्यायचं, एवढंच. व्हेजेशियस हा रोमन लेखक सांगतो की नव्या भरतीच्या पोरांना दुप्पट वजनाची लाकडी तलवार देऊन जमिनीत रोवलेल्या खांबावर सराव करायला लावत, आणि वार करण्यापेक्षा भोसकण्यावर भर देत.

आता एक साधी शंका. उजव्या हाताने चालवायची तलवार उजव्याच कमरेला का? कागदावर हे चुकीचं वाटतं. आपल्याकडे तलवार डाव्या कमरेला असते, हात आडवा नेऊन ती उपसायची. रोमन शिपायाची मात्र उजवीकडे, आणि शताधिपतीची डावीकडे. ज्यांनी प्रतिकृती कमरेला बांधून, ढाल घेऊन, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून ती उपसून पाहिली, त्यांना उत्तर हातानेच मिळालं. पातं आखूड असल्यामुळे मूठ पकडून सरळ वर ओढली की ते सुटं होतं. ना आपल्या ढालीला अडतं, ना शेजाऱ्याला लागतं. हात आडवा न्यायचा तर ढाल बाजूला सारावी लागते, आणि तेवढ्या क्षणात छाती उघडी पडते.

प्रतिकृती घडवून इतिहास तपासण्याच्या या कामाची कथा लांबची असली तरी आपल्याला उपयोगाची आहे. ब्रिटनमध्ये १९६४ साली कॉर्ब्रिज इथल्या रोमन ठाण्यात एक पेटी मिळाली, तिच्यात गंजून एकमेकांना चिकटलेल्या पोलादी पट्ट्या होत्या. तोवर पट्ट्यांचं चिलखत कसं जोडलेलं असेल याची चित्रं नुसत्या अंदाजाने काढली जात. टॉवर ऑफ लंडनच्या शस्त्रागारात काम करणारे एच. रसेल रॉबिन्सन यांनी त्या पट्ट्या अभ्यासल्या, प्रत्यक्ष चिलखत घडवलं, माणसाच्या अंगावर चढवलं. कुठे काचतं, कुठे वाकता येत नाही, ते पाहून पट्टे आणि बिजागऱ्या कशा असणार हे ठरवत गेले. १९७२ साली ग्लॉस्टरशरमध्ये ‘अर्माइन स्ट्रीट गार्ड’ हे मंडळ उभं राहिलं. हौशी माणसंच ती, पण त्यांनी अशा संशोधनाचा आधार धरला आणि आपलं साहित्य वर्षानुवर्षं सुधारत नेलं. जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान १९८५ साली सोबत्यांना घेऊन पूर्ण रोमन साजात व्हेरोनाहून आल्प्स ओलांडून आउग्सबुर्गपर्यंत चालत गेला. ओझं कुठे टोचतं, चपलेचे खिळे किती दिवस टिकतात, दिवसाकाठी किती अंतर जातं, या गोष्टी ग्रंथात मिळत नव्हत्या. त्या पायांनी मिळवल्या.

आणि आता आपल्याकडचं लोखंड.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’. तिच्यात पैठण आहे, तेर म्हणजे तगर आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा हिशेब दिला आहे. त्याच पुस्तकात आफ्रिकेच्या तांबड्या समुद्राकडच्या बंदरांत काय माल उतरतो, ते सांगताना ‘एरिआका’ प्रदेशातून येणारं भारतीय लोखंड आणि पोलाद नोंदवलं आहे. एरिआका म्हणजे बहुधा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आणि त्याच्या पाठीमागचा मुलूख. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियातल्या जकातीच्या मालाची यादी रोमन कायद्यात आली, तिच्यातही भारतीय लोखंड आहे. त्या पोलादाची रोमन तलवार झाली असं सिद्ध करणारा पुरावा नाही, आणि तसा दावा कुणी करू नये. पण रोमन साम्राज्याच्या वेशीवर भारतीय लोखंडावर जकात घेतली जात होती, ही नोंद पक्की आहे.

काळ कसा जुळतो पहा. पॉम्पेईत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाल्या, आणि १९७३च्या उत्खननात भोकरदनलाही. भोकरदन जालना जिल्ह्यात, परभणीच्या शेजारी. म्हणजे ज्या राखेने पॉम्पेईच्या तलवारी जपल्या, त्याच राखेने आपल्या मुलखाच्या कलेची खूणही जपली. पैठणहून निघालेली गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम असं वळसे घेत परभणी जिल्ह्यातून पुढे नांदेडला जाते. सातवाहनांचं राज्य याच खोऱ्यात वाढलं.

लोखंडाची विद्या त्याहून जुनी. नागपूर जिल्ह्यात नैकुंड इथे डॉ. शां. भा. देव यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी मिळाली, ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धातली. माहुरझरीच्या दगडी वर्तुळांखालच्या दफनांत खंजीर, कुऱ्हाडी आणि घोड्यांचा साज मिळाला. गोदावरी नांदेड सोडून तेलंगणात शिरते, तिथे निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव आहे. तिथलं मुशीत गाळलेलं पोलाद घ्यायला इराणातल्या इस्फहानचे व्यापारी येत, हे हेन्री व्हॉयसी या भूगर्भतज्ज्ञाने डोळ्यांनी पाहून लिहिलं. ते टिपण १८३२ साली छापलं गेलं. अशा पोलादाची एक रीत म्हणजे लोखंड आणि त्याला कर्ब पुरवणारा लाकूड-पाला मातीच्या मुशीत बंद करायचा, तासन्‌तास तापवायचा आणि सावकाश निवू द्यायचा. त्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उठे. इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटलं. लंडनमध्ये त्याचं गूढ उकलायला बसलेल्यांत लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडेही होता. परभणी आणि कोनासमुद्रम १९४८पर्यंत एकाच हैदराबाद संस्थानात होते, हेही इथे लक्षात घ्यावं.

त्याआधीच, सतराव्या शतकात, उलट दिशेची वाटही चालू होती. युरोपातली सरळ, लांब पाती आपल्या बंदरांत उतरत होती आणि मराठ्यांनी ती आपल्या मुठींत बसवली. तीच फिरंग. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावात घेऊन परत आणली, तिचं पातं युरोपीय घडणीचं आहे. पहिल्या शतकात पोलाद गेलं, सतराव्यात पाती आली, विसाव्यात डेहराडूनच्या प्रतिकृती गेल्या. या सगळ्या घडामोडींत आपल्या लोहाराचा हात कुठे ना कुठे आहे. त्याचं नाव मात्र पात्यावर क्वचितच आढळतं.

तो हात आजही भेटतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला परभणीहून गंगाखेडकडे निघा. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून घिसाडी कुटुंबं बसलेली दिसतात. हा त्यांचा हंगाम. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या आधी कोयते घेतात, जुने शेवटून घेतात. लोखंड भंगारातलं, पण निवडून आणलेलं. ट्रकचा कमानपाटा. त्याचं पोलाद चिवट, वाकतं आणि परत सरळ होतं.

एका पालासमोर मी बराच वेळ बसून होतो. भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा आला आहे. तो आजी फिरवत होती. घिसाडी मामा सांडशीत धरलेला तुकडा ऐरणीवर ठेवतात, हातातल्या लहान हातोडीने एक टिचकी मारतात, आणि ज्या जागी टिचकी पडली त्याच जागी समोर उभ्या असलेल्या मामींचा घण पडतो. शब्द एकही नाही. हातोडी सरकली की घण सरकतो. हातोडी ऐरणीवर आडवी वाजली की घण थांबतो. मामींनी पदर कमरेला खोचलेला, घण डोक्याच्या वर जाऊन खाली येतो तेव्हा टाच किंचित उचलली जाते आणि सगळं वजन त्यात उतरतं. चार-पाच तावांत पाट्याचा तुकडा कोयत्याच्या आकाराला येतो. मग पाणी पाजणं. मामा सबंध पातं पाण्यात बुडवत नाहीत. फक्त धारेची कड, बोटभर, आणि तीही एका ओढीत. पाठ तशीच गरम राहते, मऊ राहते. धार कडक आणि पाठ मऊ, म्हणून ऊस तोडताना कोयता मोडत नाही.

माझ्याजवळ पॉम्पेईच्या तलवारीचं मापाबरहुकूम काढलेलं चित्र होतं, कागद खऱ्या लांबीचा. मामांनी तो ऐरणीशेजारी पसरला, चारी कडांना खडे ठेवले आणि वीत लावून पाहिली.

“दोन्ही अंगाला धार हाये का याला?”

“हो मामा, दोन्हीकडं.”

“मंग अवघड हाये सर. कोयत्याला पाठ असती, ती मऊ सोडता येती. याला पाठच न्हाई. दोन्ही कडांना पाणी पाजायचं तर एका अंगाला जरा जास्त ताव बसला की पातं तिकडं वाकतंय. मधला भाग मऊ ठेवावा लागन.”

रोमन तलवारींचे तुकडे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या धातुतज्ज्ञांना काही चांगल्या पात्यांत हेच दिसलं आहे: मध्ये मऊ लोखंड, कडांना पोलाद, ते एकत्र ठोकून जोडलेलं. सगळी पाती इतकी चांगली नव्हती; काही साध्या मऊ लोखंडाचीही होती. पण उत्तम पात्यांपैकी काही या पद्धतीची होती. मामांनी ती कधी पाहिलेली नाहीत. चित्र पाहून, हाताच्या अनुभवाने, ते दोन मिनिटांत त्या ठिकाणी पोचले. एवढी समज ज्या माणसाकडे आहे त्याला आपण वर्षभर खुरपी आणि कोयत्यांपलीकडे काही विचारत नाही, याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

पुढचं त्यांचं बोलणं ऐकून मात्र मी आग्रह धरला नाही. “कागद ऱ्हाऊ द्या. पर तलवार म्हनून काय बी करणार न्हाई सर. पोलिसाचं झंगट कोन मागं लावून घेईल?”

त्यांचं खरं आहे. शस्त्र अधिनियम १९५९चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६चे. तलवार त्यांत येतेच. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची इतर धारदार शस्त्रंही येतात. घरकाम, शेती आणि कारखान्यासाठी घडवलेली अवजारं वगळली आहेत, म्हणून कोयता चालतो. पॉम्पेईचं पातं रुंदीत दोन इंचांच्या आत बसेल, पण लांबी अठरा इंचांच्या आसपास. महाराष्ट्रात तलवारीने वाढदिवसाचा केक कापला म्हणून गुन्हे दाखल होतात, कुरियरमधून आलेल्या तलवारी पकडल्या जातात. पोलिसांची काळजी मला मान्य आहे. दंगलीत तलवारी निघालेल्या या राज्याने पाहिल्या आहेत. पण या भीतीचा सगळा भार भटक्या कारागिरावर पडतो. घिसाडी असोत की परभणी-नांदेड पट्ट्यातले शिकलकरी शीख, पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं घडवणाऱ्या आणि पाजळणाऱ्या या समाजांकडे आधी संशयाने पाहिलं जातं. नांदेडच्या हुजूर साहिबमध्ये दिवाळीला तख्तस्नानाच्या वेळी गुरू गोविंदसिंहांच्या परंपरेतली शस्त्रं बाहेर काढून गोदावरीच्या पाण्याने स्वच्छ करतात, तेव्हा त्याच कारागिरीला आपण हात जोडतो.

आपल्याकडे प्रतिकृती नाहीत असं नाही. सत्कारात पुढाऱ्याच्या हातात लाल मखमली म्यानाची स्टेनलेस स्टीलची तलवार देतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पोरांच्या हातांत पत्र्याच्या तलवारी असतात. त्यांतला उत्साह खरा आहे. पण त्या पात्याला तोल नसतो, मूठ हातात बसत नाही, आणि त्यामुळे ती हातात घेऊन काहीच कळत नाही. म्हणून मग मणामणाच्या तलवारींच्या कथा टिकून राहतात. संग्रहालयांतल्या बहुतेक लढाऊ तलवारींचं वजन किलोच्या आसपास भरतं, कारण ती तलवार दिवसभर चालवायची असे. मुठीचंही तसंच. जुन्या तलवारीची मूठ आपल्याला तोकडी वाटते आणि पूर्वीच्या माणसांचे हात लहान होते असं कुणीतरी सांगतं. नेमकी प्रतिकृती हातात घेतली की उलगडतं की मुठीच्या टोकाची चकती मनगटाला टेकून हात जखडून ठेवते, आणि ओढून कापण्याच्या वारासाठी तेच हवं असतं. कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांनी हे हाताचं ज्ञान सांभाळलं आहे. २०२४च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, त्यामागे या आखाड्यांचीच पुण्याई आहे.

मात्र शिवकालाच्या मागे आपली नजर क्वचित जाते. रोमन सैनिक होऊन उभी राहणारी माणसं अनेक देशांत आहेत. सातवाहनांचा सैनिक होऊन गोदाकाठी उभा राहणारा मला कुठे दिसला नाही. त्याची तलवार कशी होती, हे विचारायला साधनं आहेत. ती विखुरलेली आहेत. सांचीच्या तोरणांवर, आणि सातवाहनांनंतरच्या असल्या तरी अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातल्या सिंहलाच्या लढाईच्या चित्रात आखूड, रुंद पात्यांची हत्यारं दिसतात. पुढच्या काळासाठी मराठवाड्यातल्या गावोगावचे वीरगळ आहेत. मारुतीच्या पाराशेजारी, शेंदूर फासलेले, अर्धे मातीत गेलेले. त्यांवरच्या वीराच्या हातातली तलवार त्याच्या दंडाच्या मानाने किती लांब आहे, हे साधी दोरी घेऊन मोजता येतं. हे काम परभणीतल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला जमेल, आणि त्याला परवाना लागत नाही.

सुरुवात तलवारीपासून करू नये, असं माझं मत आहे. आधी लाकूड. व्हेजेशियसने सांगितलेली लाकडी तलवार आणि वेताची ढाल परभणीतला सुतार बाभळीतून आणि बुरूड बांबूतून करू शकतो. शाळेच्या मैदानावर वीस पोरं खांद्याला खांदा लावून उभी केली की आखूड पात्याचं कारण त्यांना पुस्तकाशिवाय समजेल. त्यानंतर लोखंड. माहुरझरीतल्या एखाद्या छोट्या खंजिराचं, नऊ इंचांच्या आतल्या पात्याचं, पुरातत्त्व खात्याने किंवा विद्यापीठाने मोजून काढलेलं चित्र घ्यावं, सोबत त्याच्या धातूचा अहवाल ठेवावा आणि जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्या लेखी माहितीत, बोथट धारेचा नमुना घिसाडी भट्टीवर घडवून घ्यावा. मजुरी कोयत्याच्या दराने नको, कारागिराची द्यावी, आणि नमुना जिथे ठेवला जाईल तिथल्या पाटीवर घडवणाऱ्याचं नाव लिहावं. तेरला कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर उभं राहिलेलं शासकीय संग्रहालय आहे. असा नमुना तिथे शोभेल.

वेळही आहे. कोयत्यांचा हंगाम दिवाळीनंतर ओसरतो आणि पेरणीपूर्वीच्या अवजारांची गर्दी मे महिन्यात सुरू होते. मधल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मामांच्या भट्टीला फारसं काम नसतं.